हवा-निष्कासक स्क्रू, गतिरोधकाचा

द्रवचालित गतिरोधकातील (ब्रेकमधील) हवा व जुना द्रव बाहेर काढण्यासाठी कॅलिपरवर बसविलेला पोकळ पोलादी स्क्रू. कारागीर त्याला ‘ब्लीडर’ किंवा ‘निपल’ म्हणतात. त्याचे शंकूच्या आकाराचे टोक कॅलिपरमधील तशाच बैठकीवर घट्ट बसून द्रवाची वाट बंद करते. स्क्रू अर्धा फेरा सैल केला की, टोकालगतच्या आडव्या छिद्रातून द्रव पोकळीत शिरून बाहेर पडतो. जुन्या मोटारसायकलींत हा स्क्रू गंजून अडकतो व जोर लावताच तुटतो. तो काढण्याच्या रीतींचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

महत्त्व : द्रव जवळजवळ असंपीड्य असल्यामुळे तरफेवर दिलेला दाब कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोहोचतो. द्रवात हवेचा बुडबुडा असल्यास तो आकुंचन पावतो व तरफ मऊ लागते. ग्लायकॉल-ईथरयुक्त द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो. ‘डॉट ४’ या प्रतीच्या नव्या द्रवाचा उकळबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ३·७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५° से. इतकी खाली येते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना गतिरोधक वारंवार लावावा लागतो व तबकडी तापते. अशा वेळी पाणी मुरलेला द्रव उकळल्यास त्याची वाफ होऊन गतिरोधक अकस्मात निकामी होतो. स्क्रू अडकलेला असतानाही सपाट रस्त्यावर गतिरोधक नीट चालतो, म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते. परंतु द्रव बदलता न येणे हाच यातील खरा धोका होय.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : या भागातील जुन्या दुचाकींपैकी बहुतेकींत हा स्क्रू नसतो. बुलेट, येझदी व राजदूत, तसेच १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीची साताऱ्यात बनलेली प्रिया स्कूटर यांचे गतिरोधक ढोल प्रकारचे असून तार किंवा दांडा यांनी चालत. होंडाच्या सीबी ७५० या गाडीत १९६९ मध्ये पुढील चाकास द्रवचालित तबकडी-गतिरोधक आला. तथापि १९८३ मध्ये भारतात निघालेल्या राजदूत ३५० या गाडीस मूळ यामाहा गाडीतील तबकडीऐवजी ढोलच बसविला होता. येथे हा प्रश्न प्रामुख्याने परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्यांत आणि सीबीझेड (१९९९) व पल्सर (२००१) यांसारख्या आता जुन्या झालेल्या देशी गाड्यांत उद्भवतो. महाबळेश्वरच्या परिसरातील अतिवृष्टी आणि २००५ व २०१९ सालचे सांगलीतील कृष्णेचे महापूर यांसारख्या परिस्थितीत गंजण्याची क्रिया बळावते.

अडकण्याची कारणे : कॅलिपर बहुधा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात पाणी शिरले की विद्युत् रासायनिक क्रिया सुरू होते व तयार झालेली भुकटी आट्यांत घट्ट बसते. रबरी टोपण हरवल्यास पोकळीत चिखल साचतो. स्क्रू पोकळ असल्याने त्याची मान कमकुवत असते व पीळ बसताच तेथेच तो तुटतो.

न तुटलेला स्क्रू सैल करणे : प्रथम तारेच्या ब्रशाने आटे साफ करून भेदक तेल सोडावे व ते रात्रभर मुरू द्यावे. नंतर पोकळीत बसेल अशी पोलादी सळई आधारासाठी घालून डोक्यावर हलके ठोके द्यावेत. उघड्या तोंडाचा पाना टाळून सहाही बाजू धरणारा पाना वापरावा. स्क्रू किंचित आवळून मग सैल करावा व हळूहळू मागेपुढे फिरवावा.

तुटलेला स्क्रू काढणे : कॅलिपर सोडविण्यापूर्वी तरफ दाबून द्रवाच्याच दाबाने दट्ट्या बाहेर आणावा. संपीडित हवेने तो उडून बोटांस इजा होऊ शकते. मग रबरी कडी काढून द्रव पूर्णपणे पुसून घ्यावा, कारण तो ज्वालाग्राही असून रंगही खराब करतो. क्लोरीनयुक्त विद्रावकाने धुतलेला भाग तापविल्यास विषारी वायू निर्माण होतो. म्हणून असा विद्रावक वापरू नये.

तुकडा बाहेर डोकावत असल्यास त्यावर पोलादी नट ठेवून वितळजोडाने सांधावा. ही उष्णता आट्यांची पकडही सोडविते. तापविल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते, हे तत्त्व येथे उपयोगी पडते. किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) व सातारा रोड येथील कारखान्यांमुळे लेथ व वितळजोडकाम यांची परंपरा या भागात जुनी आहे.

तुकडा पृष्ठभागाशी समपातळीत तुटल्यास त्याच्या पोकळीचाच वाटाड्या म्हणून उपयोग करून टप्प्याटप्प्याने मोठे छिद्र पाडावे. डावीकडे फिरणाऱ्या गिरमिटाने पुष्कळदा तुकडा आपोआप फिरून बाहेर येतो. उलट्या आट्यांचा निष्कासक वापरताना फार जोर लावू नये. तो अत्यंत कठीण पोलादाचा असल्यामुळे आत तुटल्यास गिरमिट चालत नाही. ८ मिमी. व्यासाच्या व १·२५ मिमी. अंतराच्या आट्यांसाठी ६·५ मिमी.पेक्षा मोठे छिद्र पाडू नये. उरलेले पातळ कवच टोचणीने उचकटावे. नव्या स्क्रूच्या लांबीवरून खोली आधीच मोजून गिरमिटावर खूण करावी, कारण तळाशी असलेली शंक्वाकार बैठक खरवडली गेल्यास गळती थांबत नाही.

जोडणी व तपासणी : आटे बिघडले असल्यास मोठ्या मापाचे आटे पाडून तसाच स्क्रू बसवितात. बैठकच बिघडल्यास कॅलिपर बाद करणे श्रेयस्कर होय. भेदक तेलाने रबर फुगते, म्हणून सर्व भाग धुऊन नव्या रबरी कड्या घालाव्यात. ८ मिमी. स्क्रूस सु. ६ न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. हवा काढल्यावर तरफ एक मिनिट जोराने दाबून धरावी. ती खचत असल्यास किंवा स्क्रूभोवती ओल दिसल्यास गाडी रस्त्यावर आणू नये. रबरी टोपण बसवून दर दोन वर्षांनी द्रव बदलल्यास स्क्रू फिरता राहतो व ही सर्व खटपट टळते.