ख्रिस्ती समुपदेशक व्हायचंय?

आमच्या गटातल्या एका ख्रिस्ती ताईंची मुलगी यंदा बारावी झाली. तिला समुपदेशक व्हायचंय, तेही चर्चच्या कामात राहून. ताई मला म्हणाल्या, "हे तर पाळकसाहेब करतातच की. त्यात वेगळं शिकायचं काय?"

घरात दारू शिरली, सून माहेरी निघून गेली, की मंडळीतली बाई पहिल्यांदा पाळकांकडेच जाते. ते ऐकतात, पवित्र शास्त्र वाचतात, प्रार्थना करतात. त्यानं धीर येतो. समुपदेशनाचं काम त्याच्या पुढचं आहे. "झोप लागत नाही" असं बाई म्हणाली, तर किती दिवसांपासून, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का, हे समुपदेशक सरळ विचारते. मरणाचं विचारलं तर तो विचार तिच्या डोक्यात शिरेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे विचारायचं कसं आणि उत्तर ऐकून डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे शिकावं लागतं. ख्रिस्ती समुपदेशक हे सगळं करते, आणि समोरच्या बाईला हवी असेल तर प्रार्थनाही. हवी असेल तरच. दुःखातल्या माणसावर धर्म लादायचा नसतो.

"तुझा विश्वास कमी पडला म्हणून असं होतंय," किंवा "गोळ्या बंद कर, प्रार्थनेनं बरी होशील," असं सांगणारा समुपदेशक नव्हे, भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत. आपल्याकडचे देवऋषी तरी दुसरं काय करतात!

आता शिक्षण. बारावीची कुठलीही शाखा चालते. मानसशास्त्रात बी.ए. आणि एम.ए., किंवा पदवीनंतर समाजकार्याचं एम.एस.डब्ल्यू. करायचं. मग सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाचं कॉलेज. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पण माझं मत, विद्यापीठाची पदवी आधी. कारण पगाराचं. फक्त समुपदेशनासाठी पूर्ण पगार देणारी चर्च थोडी. मिशनची रुग्णालयं, वसतिगृहं, व्यसनमुक्ती केंद्रं इथं जागा निघतात. विद्यापीठाची पदवी असेल तर शाळा आणि सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाच्या जागांसाठीही अर्ज करता येतो.

एक सावधगिरी. घरबसल्या मानसशास्त्राची पदवी देतो म्हणून कुणी एजंट आला तर पैसे देऊ नका. दूरशिक्षणातून मानसशास्त्राला नवे प्रवेश विद्यापीठ अनुदान आयोगानं 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवले आहेत. आणि चार महिन्यांच्या कोर्सवर कुणी स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवू शकत नाही, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

सगळ्यात अवघड भाग मात्र कॉलेजात नाही, गावात आहे. ऐकलेलं पोटात ठेवणं. अमकीसाठी प्रार्थना करा म्हणत तिचं सगळं घर उपासनेत उघडं पडतं, हे ख्रिस्ती मैत्रिणींना चांगलं ठाऊक आहे. (आपल्या गटाच्या बैठकीतही वेगळं काही होत नाही.) समुपदेशकानं नाव घेऊन प्रार्थनाही त्या बाईला विचारूनच करायची. अपवाद दोन. जिवाला धोका असेल तर घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगावंच लागतं. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग अत्याचार करणारा घरातला असो की चर्चमधला.

मुलगी शिकून यायला पाच-सात वर्षं जातील. तोवर कुणाला मनाचा त्रास असेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर वहीत लिहून ठेवा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.