मराठी ख्रिस्ती गृहजीवनाच्या प्रेरणा : ग्रंथ आणि साधी हस्तकला

प्रस्तावना :

पदवी वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील काही भाग शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "मॅडम, यात स्वयंपाक, पाहुणे, मुले, पैशांची ओढाताण एवढेच आहे. यात अभ्यासण्यासारखे काय आहे?" प्रश्न प्रामाणिक होता. राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था व चळवळी हे अभ्यासविषय आणि घर मात्र गृहीत धरण्याची बाब, अशी विभागणी आपल्या विद्याशाखांनीच रूढ केली आहे. गृहविज्ञान या विषयाकडेही अनेकदा दुय्यम म्हणून पाहिले जाते.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्यापुढे श्रद्धेइतकाच घराचाही प्रश्न उभा राहिला. जुने सोवळे सुटले, नातेवाईक दुरावले, सणवार बदलले. मग नवे घर कशाच्या आधारे उभारायचे? मिशनऱ्यांच्या बंगल्यांची नक्कल करायची, की आपल्या भाषेत व आपल्या हातांनी काही नवे घडवायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर ग्रंथ व साधी हस्तकला या दोन साधनांच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

१. बायबलमधील घर आणि हातकाम :

ख्रिस्ती गृहजीवनाचा मूळ आधार बायबल हा आहे. 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे वर्णन आढळते. ही स्त्री लोकर व ताग यांचे काम करते, सूत कातते, घरच्यांना वस्त्रे पुरविते. परंतु ती एवढ्यावर थांबत नाही. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तयार केलेले कापड व्यापाऱ्यांना विकते आणि गरिबांना हात देते. म्हणजेच येथे गृहकृत्य, अर्थार्जन व दानधर्म यांत भिंत नाही.

नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात टबीथा ऊर्फ दुर्कस हिची कथा येते. तिच्या मृत्यूनंतर यापो येथील विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने शिवलेले कपडे त्यांनी त्याला दाखविले. तिच्या आयुष्याचा पुरावा म्हणून पुढे आले ते तिच्या हातचे शिवणकाम. हातकाम हे केवळ स्त्रियांचेच क्षेत्र होते असेही नाही. येशूला त्याच्या गावकऱ्यांनी सुतार म्हणून ओळखले आणि पौल तंबू करण्याचा व्यवसाय करीत असे, हे त्याच ग्रंथावरून स्पष्ट होते.

याउलट लूककृत शुभवर्तमानातील मार्था व मरीया यांची कथा घरकामाच्या अतिरेकाविषयी सावध करते. पाहुण्याच्या सरबराईत गुरफटलेल्या मार्थेपेक्षा ऐकत बसलेल्या मरीयेची निवड श्रेष्ठ ठरविली गेली आहे. घर नीट ठेवणे हे अंतिम साध्य नव्हे, हा इशारा या परंपरेच्या मुळाशीच आहे.

२. मराठी ग्रंथांनी दिलेली दृष्टी :

मराठी ख्रिस्ती घरात ग्रंथवाचनाची परंपरा जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ते रोमन लिपीत छापले गेले असले, तरी त्याची भाषा मराठी व छंद ओवीचा होता. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांच्या रचनेत भेद असला, तरी ओवीचे वळण घराघरांतील कानांना परिचित होते. नवी श्रद्धा जुन्या लयीत घरात आली, ही बाब लक्षणीय आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले. याच नगरात सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शिक्षणाचे कार्य दीर्घकाळ केले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकामही शिकविले जाई. पुस्तक व सुई या दोन्ही वस्तू मुलींच्या हाती एकाच छताखाली आल्या.

बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक होय. विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण हा तिचा मुख्य विषय आहे. तथापि गृहजीवनाच्या दृष्टीने पाहिल्यास यमुना व तिचा पती विनायकराव यांचे सहजीवन अधिक बोलके वाटते. पती-पत्नी एकमेकांशी विचारविनिमय करतात, हे चित्र त्या काळातील मराठी वाचकास नवीन होते.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक १८८२ मधील, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती धर्मस्वीकारापूर्वीचे आहे. विद्या, गृहकृत्ये व अपत्यसंगोपन यांविषयी स्त्रियांना केलेला उपदेश त्यात आहे. पुढे इंग्लंड व अमेरिकेतील वास्तव्यानंतर त्यांचे विचार अधिक धीट झाले. अमेरिकेत त्यांनी बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे फ्रोबेलप्रणीत किंडरगार्टनचा अभ्यास केला. कागदाच्या घड्या घालणे, विणणे, मातीच्या वस्तू करणे अशा कृतींतून बालकाची बुद्धी घडते, हे त्या पद्धतीचे सूत्र होय.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये मात्र उपदेश नाही, अनुभव आहे. माहेरी वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली घेतलेल्या बाप्तिस्म्याचा मोठा आघात सोसावा लागला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपला आचार वेगळाच ठेवला. हळूहळू, स्वतःच्या विचाराने, त्यांनी जातिभेदाची बंधने सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हा बदल धर्मपीठावरून झाला नाही. तो पाण्याचा तांब्या, ताट व चूल यांच्या आसपास घडला. पुढे त्यांच्या घरी अनाथ मुले, विद्यार्थी व पाहुणे यांचा राबता राहिला. हाती पैसा नसताना हे घर चालले. टापटीप घर हे त्यांचे ध्येय नव्हते. दार उघडे असलेले घर हे होते.

३. मुक्ती मिशन : हस्तकलेतून स्वावलंबन :

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन स्थापन केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया यांना त्यांनी आश्रय दिला आणि त्यातून केडगाव येथील मुक्ती मिशन विस्तारले. येथे विणकाम, शिवणकाम, बागकाम, गोपालन, स्वयंपाक, छपाई अशी अनेक कामे स्त्रिया शिकत व करीत.

या कामांचे महत्त्व नेमके कशात होते? ज्या स्त्रीला समाजाने घराबाहेर टाकले होते, तिला येथे दुसरे घर मिळाले आणि ते घर तिने स्वतःच्या श्रमांनी उभे केले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात पूर्ण छापून झाले. खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियांनी केली. ग्रंथ व हस्तकला या दोन प्रेरणा येथे अक्षरशः एक झाल्या; ज्या हातांनी सूत धरले, त्याच हातांनी अक्षर धरले.

४. घरातील साध्या कलावस्तू :

मराठी ख्रिस्ती घरांत आजही काही साध्या हस्तकला जपल्या जातात. त्यांची सामग्री स्थानिक आहे आणि अर्थ श्रद्धेचा आहे.

(अ) नाताळची चांदणी : बांबूच्या पाच कामट्या एकमेकींवर तिरप्या रचून पंचकोनी तारा बांधतात. असे दोन तारे पाच टोकांशी एकत्र बांधले जातात. आतील पाच छेदबिंदूंवर आखूड काड्या अडकविल्या की दोन्ही तारे मध्यभागी फुगतात व पोकळी तयार होते. त्यावर रंगीत कागद चिकटवून आत दिवा लावतात. दिवाळीचा आकाशकंदील बांधणाऱ्या हातांना हे तंत्र परके वाटत नाही. ज्ञानी लोकांना बेथलेहेमची वाट दाखविणाऱ्या ताऱ्याची ती खूण होय.

(आ) गव्हाणी : पेंढा, माती, गोणपाट व काटक्या यांपासून येशूजन्माचा देखावा उभा केला जातो. गोठा हे मराठी शेतकरी घराचे परिचित अंग असल्याने मुले तो सहज रचतात.

(इ) झावळीचा क्रूस : झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पात्यांच्या घड्या घालून लहान क्रूस केले जातात व वर्षभर घरात ठेवले जातात.

(ई) गोधडी : जुनी लुगडी व धोतरे यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ही सर्वच मराठी घरांची मिरास आहे, ती केवळ ख्रिस्ती नव्हे. मात्र टाकाऊ तुकड्यांतून ऊब निर्माण करण्याची ही कृती दुर्कसच्या कथेशी सहज नाते सांगते. फुलीच्या टाक्याने कापडावर भरलेली वचनेही अनेक घरांच्या भिंतींवर आढळतात.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी आजीच्या काळातील एक बायबल आहे. त्याला जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाचे आच्छादन शिवलेले आहे. आजीला वाचता येत नव्हते. संध्याकाळी दुसऱ्याने वाचावे आणि तिने ऐकावे, असा क्रम होता. ग्रंथाच्या आतील मजकूर तिच्या अधिकारात नव्हता, म्हणून तिने बाहेरील वस्त्र आपले केले. तिची मुलगी ते पुस्तक वाचू शकली. या दोन पिढ्यांतील अंतर हाच या विषयाचा खरा गाभा आहे, असे वाटते.

५. काही आक्षेप :

या विषयावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गृहजीवनाचा गौरव म्हणजे स्त्रीला पुन्हा चुलीशी बांधणे होय. हा आक्षेप निराधार नाही. मिशन शाळांतील शिवणकामामागे इंग्रजी-अमेरिकन मध्यमवर्गाचा 'आदर्श गृहिणी'चा साचा होता, हे मान्य करावे लागते. तथापि मराठी स्त्रियांनी तो साचा जसाच्या तसा स्वीकारला नाही. रमाबाईंनी हस्तकलेला उपजीविकेचे साधन बनविले, तर लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघराला जातिनिर्मूलनाचे स्थान बनविले. शिवाय घराची जबाबदारी केवळ स्त्रीची मानल्यास वरील परंपरेचाच विपर्यास होतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. नोकरी करणाऱ्या दांपत्याला वेळ कोठे आहे? बाजारात तयार चांदणी मिळत असता कामट्या कशाला तासायच्या? याचे उत्तर वस्तूत नसून कृतीत आहे. चांदणी बांधताना घरातील तीन पिढ्या एकत्र बसतात, जुन्या गोष्टी सांगितल्या जातात. विकत आणलेली वस्तू उजेड देते, पण हे संभाषण देत नाही. वर्षातून एक संध्याकाळ एवढीच त्याची किंमत आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मराठी ख्रिस्ती गृहजीवन हे परदेशी जीवनपद्धतीचे अनुकरण नसून ओवी, गोधडी व कंदील यांच्या परंपरेत रुजलेली नवनिर्मिती आहे. ग्रंथांनी या घराला विचार दिला, हस्तकलेने त्या विचारास रूप दिले. महाविद्यालयीन स्तरावर मराठी, इतिहास, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरांतील अशा वस्तूंची व त्यामागील आठवणींची नोंद करवून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. वही, पेन आणि घरातील वृद्ध व्यक्तीजवळ बसण्याची तयारी पुरेशी आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. आज एवढेच सांगता येईल की, ज्या घरात कोणाला पाणी द्यायचे व कोणाला नाही हे ठरत होते, त्याच घरात ते बदललेही. म्हणून घर हा अभ्यासाचा विषय आहे.