वाद पक्ष्याचा, ताण हृदयाला

पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री कोणी फोटो टाकतो, ‘हा शिक्रा ना?’ उत्तर येते, ‘पावशा आहे, एवढंही कळत नाही?’ दोन्ही पक्षी इतके सारखे दिसतात की जाणकारही फसतो. पण एव्हाना पक्षी बाजूला राहून माणसांची जुंपलेली असते.

असे का होते? समोरच्याचा पडलेला चेहरा आपल्याला आवर घालतो. मोबाइलवर तो दिसत नाही, आवाजाचा सूरही कळत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन सुटणाऱ्या या संयमाची कारणे मांडली होती.

शरीराला मात्र भांडण मोबाइलवरचे की चावडीवरचे, हा फरक कळत नाही. अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप उडते. संतापाच्या उद्रेकानंतर दोन तास हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले. एका वेळचा धोका थोडाच. पण हृदयरोग, उच्च रक्तदाब असलेल्यांनी रोजचे भांडण अंगावर घेऊ नये.

उत्तर लिहा, पण लगेच पाठवू नका. पाणी प्या, चार पावले चाला. माणसावर शेरा मारण्यापेक्षा खूण सांगा: ‘डोळ्याभोवती पिवळे कडे आहे, चोच शिक्र्यासारखी आकडेदार नाही, पावशा वाटतो.’ तरीही मिटले नाही तर फोनवर बोला. झोपण्याआधी वाद नकोच. छातीत दाब, दरदरून घाम, हात किंवा जबड्यात कळ जाणवली, तर वाद तिथेच सोडून १०८ क्रमांक लावा.