मुलांसाठी कोणतं बायबल घ्यावं?

जुन्नर, मंचर, घोडेगावातल्या ख्रिस्ती आई-बाबांनो, लेकरासाठी पहिलं बायबल घेताना मुखपृष्ठ बघू नका. लूकच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला काढा आणि मुलाला मोठ्यानं वाचायला लावा. आपल्या शिवारात धनगरांचे कळप बसतात, त्यामुळे गोष्ट त्याला लगेच कळायला हवी. तरीही तो शब्दाशब्दाला अडखळला, तर ती आवृत्ती सध्या त्याची नाही.

पंडिता रमाबाईंनी आपल्याच जिल्ह्यात, केडगावला, हाच विचार केला होता. साध्या बायकांना समजावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, त्यानंतर १९२४ मध्ये ते छापून आलं. मला या कामाचं फार मोल वाटतं!

लहानग्यांना चित्रांच्या गोष्टी पुरतात. नीट वाचता येऊ लागलं की मात्र पूर्ण बायबलच द्या, मोठ्या टायपातलं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंटमध्ये ६६. तेव्हा आपल्या चर्चमध्ये कोणतं वाचतात ते आधी विचारा. सुरुवात मार्कपासून करा, सोळाच अध्याय आहेत. रोज रात्री थोडं, आणि तुम्ही शेजारी बसून.