भिंतीवरचे शेवाळ आणि छातीतली घरघर

भाद्रपद संपत आला की घटस्थापनेच्या आधी घर धुऊन काढण्याची आपल्याकडे रीत आहे. गोधड्या, भांडीकुंडी, डबे सगळे अंगणात येते. पैठण रस्त्यावरच्या चितेगावसारख्या, कारखान्यांमुळे वाढलेल्या गावांत सिमेंटची घरे वाढली, तशी या कामात बाहेरच्या भिंतींचीही भर पडली. चार महिन्यांचे हिरवे-काळे डाग घालवायचे आणि दसऱ्याला रंग द्यायचा, असा बेत असतो.

आपला भाग काही कोकण नव्हे. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. परंतु न्हाणीघराची मागची बाजू, गळक्या टाकीखालचा कोपरा, दोन घरांमधली बोळ येथे ऊन पोचत नाही आणि ओल हटत नाही. तेथे धरते ते शेवाळ. बाहेरच्या शेवाळाने सहसा कोणी आजारी पडत नाही (गच्चीवर मात्र त्यावरून घसरून म्हाताऱ्या माणसांचे खुब्याचे हाड मोडते). खरा प्रश्न भिंतीच्या आतल्या बाजूचा आहे. ओल आत झिरपली की कपाटामागे, पलंगाच्या उशाशी काळी बुरशी धरते. तिचे सूक्ष्म बीजकण श्वासावाटे आत जातात. ज्यांना ते सोसत नाहीत त्यांना सकाळी शिंका, नाक चोंदणे, रात्री कोरडा खोकला असा त्रास होतो, आणि दमेकऱ्यांचा दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. औषधाने तेवढ्यापुरता आराम पडून खोकला पुन्हापुन्हा येत असेल, तर रुग्णाच्या छातीबरोबर त्याच्या खोलीची भिंतही पाहावी लागते.

गाड्या धुण्याचे दाबाचे यंत्र आता घरगुती आकारातही मिळते. मोटारीच्या चाकात हवेचा दाब असतो साधारण दोन बार. या यंत्राच्या तोंडाशी पाणी शंभर बारच्या वर असते. असा झोत जुन्या गिलाव्यावर मारला की डाग जातो, पण भेगांतून पाणी आत शिरते आणि थोड्याच दिवसांत आतली भिंत ओली दिसू लागते. म्हणजे शेवाळ गेले आणि बुरशी आली. हा झोत हातापायावर लागला तर वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण पाणी व घाण खोल मांसात गेलेली असते. दुखत नाही म्हणून हळद लावून बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे. छपरावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर तर हे यंत्र मुळीच चालवू नये. त्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू सुटून फुप्फुसात गेले, तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

त्यापेक्षा सौम्य रीत बरी. ताजमहालाच्या संगमरवरालासुद्धा पुरातत्त्व खाते मुलतानी मातीचा लेप लावते. आपल्या भिंतीला ब्लीचिंग पावडर पुरते. एक लिटर पाण्यात साधारण 30 ग्रॅम ताजी पावडर कालवावी, निवळू द्यावी आणि वरचे पाणी ब्रशने भिंतीला लावावे. दहा-पंधरा मिनिटांनी काथ्याच्या ब्रशने घासून साध्या नळीने धुवावे. आधी कोपऱ्यात लावून रंग उडतो का पाहावे. तुळशीची कुंडी बाजूला न्यावी. हातमोजे, चष्मा हवा. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

शेतातला फवारणीचा पंप यासाठी कोणी काढू नये. धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो आणि वर पाहून फवारताना तुषार थेट तोंडावर येतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरण्याजोगे नाही.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. डाग जात नाही म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यावर फरशीचे किंवा संडासाचे अॅसिड ओतले जाते. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच. बंद न्हाणीघरात किंवा अरुंद बोळीत वाकून घासणाऱ्या बाईच्या तोंडाशीच तो येतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, छाती भरते. हातातले काम टाकून मोकळ्या हवेत यावे. डोळ्यांना लागले असल्यास साध्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत. थोड्या वेळाने बरे वाटले तरी फुप्फुसात पाणी साठण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. म्हणून धाप किंवा खोकला असेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व काय काय मिसळले होते ते डॉक्टरांना सांगावे.

आता रंगाचे. आश्विनातही पाऊस पडतो. ओल्या भिंतीवर दसऱ्याच्या घाईने रंग दिला, तर पापुद्रे सुटतात आणि आतली ओल तशीच राहते. टाकीची गळती आणि गच्चीच्या भेगा आधी बुजवाव्यात, भिंत चांगली वाळू द्यावी. दिवाळीला रंग दिला तरी चालतो.