मुंबई विमानतळापर्यंतची प्रवासी वाहतूक

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोहोचण्यासाठी मेट्रो, उपनगरी रेल्वे, रिक्षा, टॅक्सी आणि परगावांहून येणाऱ्या खाजगी गाड्या ही प्रमुख साधने आहेत. विमानतळ भर वस्तीत, पश्चिम उपनगरांच्या पूर्व भागात असल्याने शहरातील प्रवाशाला अंतर फारसे अडचणीचे ठरत नाही. अडचण असते ती प्रवासाला लागणाऱ्या वेळेच्या अनिश्चिततेची. म्हणूनच साधनाची निवड भाड्यापेक्षा उड्डाणाच्या वेळेवर अधिक अवलंबून असते.

टर्मिनलची खात्री

टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझ परिसरात असून तेथून केवळ देशांतर्गत उड्डाणे होतात. सहार येथील टर्मिनल २ हे २०१४ साली सुरू झाले. तेथून आंतरराष्ट्रीय व देशांतर्गत अशी दोन्ही उड्डाणे होतात. दोन्ही टर्मिनलांच्या धावपट्ट्या सामायिक असल्या तरी प्रवेशमार्ग वेगळे आहेत, आणि रस्त्याने एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास गर्दीच्या वेळी बराच विलंब होतो. एकाच कंपनीची काही उड्डाणे एका टर्मिनलवरून, तर काही दुसऱ्यावरून होत असल्याने कंपनीच्या नावावरून टर्मिनलचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून तर तिकिटावरील विमानतळाचे नावही तपासणे आवश्यक झाले आहे.

मेट्रो आणि लोकल

मेट्रो मार्गिका ३ ही आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. दोन्ही टर्मिनलांसाठी तिच्यावर स्वतंत्र भुयारी स्थानके आहेत. दक्षिण मुंबईतून येणाऱ्यास पश्चिम द्रुतगती महामार्गावरील कोंडी टाळण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. घाटकोपर किंवा वर्सोव्याकडून २०१४ साली सुरू झालेल्या मार्गिका १ ने येणाऱ्यांना मरोळ नाका येथे गाडी बदलता येते.

लोकलने आल्यास टर्मिनल १ साठी विलेपार्ले आणि टर्मिनल २ साठी अंधेरी ही स्थानके सोयीची असून पुढे रिक्षा करावी लागते. भाडे नाममात्र असले तरी सकाळी नऊच्या सुमारास बोरिवलीहून दोन मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय मेट्रो आणि लोकल या दोन्ही सेवा मध्यरात्रीनंतर काही तास बंद असतात, आणि मुंबईतून सुटणारी अनेक आंतरराष्ट्रीय विमाने नेमकी उत्तररात्री निघतात.

रिक्षा व टॅक्सी

वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस रिक्षांना परवानगी नाही. त्यामुळे दादर, गिरगाव किंवा कुलाबा येथील प्रवाशाला रस्त्याने यायचे असल्यास टॅक्सी किंवा खाजगी गाडीच घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे रिक्षासाठी २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी ३१ रुपये ठरविण्यात आले. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत त्यावर २५ टक्के अधिभार लागतो.

अ‍ॅपवरून मागविलेल्या टॅक्सीचे भाडे आधी कळते, मात्र मागणी वाढताच ते चढते. आदल्या रात्री गाडी आरक्षित केली तरी ती येईलच असे नाही. बहुतेक वेळा चालक निघण्याच्या थोडा वेळ आधीच नेमला जातो आणि तो फेरी रद्दही करू शकतो. पहाटेच्या उड्डाणासाठी ओळखीच्या चालकाला सांगून ठेवण्याची जुनी पद्धत त्यामुळेच टिकून आहे. अ‍ॅपवर ‘मुंबई विमानतळ’ एवढेच न लिहिता टर्मिनलही निवडावे लागते.

वेळेचा हिशेब

देशांतर्गत उड्डाणासाठी सामान स्वीकारणारी खिडकी बहुधा विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते. घरून निघण्याची वेळ या क्षणापासून मागे मोजली जाते, विमान सुटण्याच्या क्षणापासून नव्हे. पावसाळ्यात अंधेरी भुयारी मार्ग पाणी साचून वारंवार बंद होतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वाहनांना मग वळसा घ्यावा लागतो.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी आसनागणिक भाडे घेणाऱ्या सामायिक टॅक्सी प्रचलित आहेत. त्या स्वस्त पडतात, परंतु निरनिराळ्या घरांतून प्रवासी घेत निघत असल्याने पुणे सोडण्यापूर्वीच बराच वेळ जाऊ शकतो. खंडाळा घाटात शनिवार-रविवारी किंवा अपघातानंतर वाहतूक ठप्प होते, तेव्हा स्वतंत्र गाडी केलेल्या प्रवाशालाही तिष्ठत राहावे लागते.