पडसे : औषध कोणते आणि केव्हा

थंडीचे दिवस सुरू झाले की गादीवरून एक, वखारीतून दुसरी अशा शिंका ऐकू येऊ लागतात आणि सायंकाळच्या आत पेढीवरचा कोणीतरी औषधाच्या दुकानातून ‘सर्दीच्या चार गोळ्या’ घेऊन येतो. त्या चारांत पुष्कळदा दोन प्रतिजैविकाच्या असतात. त्या कशासाठी, हे घेणारा विचारीत नाही आणि देणारा सांगत नाही. आपल्या व्यापारी मंडळींत घेणारे पुष्कळ आहेत, औषधविक्रीचा व्यवसाय करणारेही आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले.

पडसे हा विषाणूंचा रोग होय. तो उत्पन्न करणारे विषाणू दोनशेहून अधिक असून त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा आहे. एकाशी झुंजून शरीर तयार होते, तो पुढच्या खेपेस दुसराच दारी उभा असतो. धडधाकट माणसालाही वर्षातून दोन-तीनदा पडसे होते ते यामुळे. इंग्लंडात सॉल्झबरी येथे सन १९४६ पासून चाळीसहून अधिक वर्षे केवळ पडशाचे संशोधन चालले होते. तेथे स्वखुशीने आलेल्या माणसांना ओलेत्याने गारठ्यात ठेवून पाहिले. पण नुसत्या गारठ्याने पडसे होते असे काही दिसून आले नाही. रोग पसरतो तो माणसापासून माणसाला, शिंकेच्या तुषारांनी आणि हातांनी. नोटा मोजताना अंगठा जिभेला लावण्याची आपली जुनी सवय या दृष्टीने फार वाईट. साधुसाध्वींच्या मुहपत्तीचा हेतू जीवदयेचा आहे, रोगनिवारणाचा नव्हे. तरी शिंकताना तोंडाशी वस्त्र धरण्याचे वळण आपल्या मुलांना निराळे शिकवावे लागू नये.

आता प्रतिजैविकांविषयी. ती जीवाणूंना मारतात. विषाणूंवर त्यांचा काडीइतकाही परिणाम होत नाही. ‘मला तर गुण आला’ असे सांगणारे गृहस्थ भेटतातच. पडशाचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असतो. माणूस कंटाळून गोळी घेतो ती त्याच दिवशी, आणि चौथ्या दिवशी उतार पडतो तो आपोआप. जमा मात्र गोळीच्या खात्यावर होते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जीवाणू शिरले, हा समजही खरा नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशी तेथे गोळा झाल्या की साध्या पडशातही तो रंग येतो. उलट, विनाकारण घेतलेल्या औषधाने शरीरातील जीवाणू त्यास सरावतात आणि पुढे न्यूमोनियासारख्या खऱ्या दुखण्यात तेच औषध निकामी ठरते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी सन १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच या धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले आहे. वहीपूजन करणाऱ्या आपल्या समाजात ही एक वही कोरी राहू नये.

लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे. सन २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्याच वेळी केंद्र सरकारने कळविले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देण्यासारखी नाहीत. शुद्ध औषधानेही या वयात लाभ असा नाहीच.

मग करावे काय? विश्रांती घ्यावी, कोमट पाणी व पातळ अन्न घ्यावे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच भरपूर पाणी पोटात जाईल असे पाहावे. ताप असेल तर वृद्धांनी उपवासाचा आग्रह धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. सुंठ किंवा हळद घातलेल्या दुधाने घशाला बरे वाटते, आणि तेवढेच त्याचे काम. मध आपल्याकडे वर्ज्यच आहे; इतरांनीही तो वर्षाआतील बाळास कदापि देऊ नये. नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक घातल्यास नाक पुन्हा अधिकच चोंदते, आणि नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाच्या रोग्यांनी त्या परस्पर घेऊ नयेत.

मिरचीच्या किंवा धान्याच्या वखारीत शिरताच शिंका सुटतात आणि सुट्टीच्या दिवशी थांबतात, ते पडसे नव्हे. ती धुळीची ॲलर्जी. तिचे औषध निराळे, आणि नाकातोंडावर फडके बांधणे हे पहिले.

साधे पडसे सात ते दहा दिवसांत जाते. खोकला मात्र त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, उतार पडून पुन्हा वाढला, धाप लागली किंवा कान ठणकू लागला, तर डॉक्टरांकडे जावे. नाक वाहत नाही, खोकला नाही, पण घसा फार दुखतो आणि ताप आहे, अशा मुलास अवश्य दाखवावे. त्या घशातील काही जीवाणूंमुळे पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात आणि तेथे प्रतिजैविक खरोखरच लागते. दोन आठवडे खोकला न हटल्यास थुंकी तपासून घ्यावी, कारण तो क्षय असू शकतो. आणि लहान मूल आजारी असता ते शांत असताना त्याचे श्वास घड्याळ लावून पुरते एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांहून लहान बाळाचे साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.